मिस्त्री म्हणाले पंप गेलाय, मी म्हणलं आधी मोजू

गाडी २००७ ची आहे, छोटी पेट्रोल हॅचबॅक, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटर नाही, इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या काळातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पेट्रोलची वाट साधारण अशीच असते: टाकीत बुडलेला इलेक्ट्रिक पंप, त्याच्या तोंडाला जाळी, पुढं फिल्टर, मग इंजिनवरची रेल (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी), रेलवर इंजेक्टर, शेवटी प्रेशर ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्नची नळी. काही गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि रिटर्न नळी नसते, त्यांना खालचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. २०२२ ला १५ वर्षं झाली तेव्हा पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन पर्यावरण कर भरून ५ वर्षांचं पासिंग करून घेतलंय, त्यामुळं २०२७ पर्यंत तरी गाडी भंगारात द्यायचा प्रश्नच नाही, आणि खरं सांगायचं तर सहकारनगरच्या आमच्या गल्लीत जेवढी जागा उरलीय तेवढ्यात हीच गाडी मावते.

गेल्या उन्हाळ्यात दोन त्रास सुरू झाले. एक म्हणजे सकाळी पहिला सेल्फ मारला की नुसतं कुईकुई करत राहायची, सुरू व्हायची नाही, दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला सुरू व्हायची आणि मग दिवसभर गपगुमान एका सेल्फमधे. दुसरा त्रास घाटात. गावात काही नाही, सातारा रोडला सिग्नल ते सिग्नल व्यवस्थित पळते, पण कात्रजचा जुना घाट चढायला लागलो की निम्म्यात पिकअप पडायचा. झटके मारत नव्हती हे लक्षात ठेवा. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी हळूहळू ढिली पडत जायची, तिसऱ्यावरून दुसऱ्यात, कधी पहिल्यात, मागचे हॉर्न मारून मारून शिव्या घालत पुढं जायचे. वर पोचून सपाट रस्ता लागला की परत काही झालंच नाही अशी.

नेहमीच्या गॅरेजला दाखवली. मिस्त्री चांगला माणूस आहे, हाताला गुण आहे, पण त्याचं उत्तर तयारच होतं. "साहेब, पंप गेलाय. नवीन टाकून घ्या, विषय संपला."

म्हणलं, "प्रेशर बघितलंत का?"

"प्रेशर कशाला बघायचं? चढाला खेचत नाही म्हणजे पंपच. एवढ्या जुन्या गाडीला दुसरं काय असणार?"

आता माझं काम यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं आहे, आख्खं आयुष्य "बॅटरी गेलीय" हे वाक्य ऐकण्यात गेलंय, आणि त्यातल्या कितीतरी वेळा बॅटरी ठणठणीत असते, टर्मिनल सडलेलं असतं. म्हणून न मोजता कुठलीही वस्तू मेली म्हणायला मी तयार होत नाही. शिवाय चांगल्या कंपनीचा पंप मजुरीसकट सहा-सात हजारांच्या घरात जात होता, स्वस्तातले पण मिळतात पण टाकीत बुडणारी वस्तू स्वस्तातली टाकायची हिंमत नाही झाली. मिस्त्रीला म्हणलं थोडे दिवस थांबा, मी बघतो. तो हसला. म्हणाला बघा, पंप काय पळून जात नाही.

आधी फुकटात जे तपासता येतं ते तपासलं. पेट्रोलचं झाकण. टाकीचा श्वास कोंडला तर आत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला ओढणं जड जातं, तेव्हा घाटात गाडी ढिली पडली की बाजूला घेऊन झाकण सैल करून बघायचं, सुस्स आवाज येऊन गाडी सुधारली तर पंपाचा काही दोष नाही. आमच्याकडं आवाजही नाही आणि फरकही नाही. मग एअर फिल्टर, प्लग, कॉइल. प्लग उघडले, रंग ठीक होता, चारात एक जरा जास्त पांढरट. इग्निशनचा घोटाळा असता तर लोडवर मिसिंग आलं असतं, ठक ठक झटके बसले असते. आमच्यात तसं नव्हतं, गाडी नुसती दम टाकत होती, आणि असं एकसारखं ढिलं पडणं बहुतेकदा पेट्रोल कमी पोचतंय म्हणून असतं. बहुतेकदा म्हणतोय, चोक झालेला सायलेन्सर पण असंच करतो, पण तो सपाटीवर जोरात पळवताना पण कळला असता.

चावीची एक ट्रिक सगळ्यांनी करून बघावी अशी आहे. चावी ऑन केली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पंपाला दोन-तीन सेकंद चालवतो, मागच्या सीटखालून बारीक घूं ऐकू येतं, आणि बंद करतो. सेल्फ मारला नाही तर पंप परत चालत नाही. सकाळी सेल्फ न मारता चावी ऑन, घूं थांबेपर्यंत थांबायचं, ऑफ, परत ऑन, परत थांबायचं, आणि मग सेल्फ. असं केलं की आमची गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. म्हणजे रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरून जात होतं आणि ते परत भरायला एका घूंमधे जमत नव्हतं. हे कळायला एक रुपया लागला नाही. आणि हेही कळलं की सकाळचा त्रास आणि घाटातला त्रास एकाच कारणानं असतील असं धरून चालायचं कारण नाही, मिस्त्रीनं मात्र दोन्हींची एकच मोट बांधली होती.

ईसीयूनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून बघितला होता, कोड काही नाही. लोक इथंच फसतात, कोड नाही म्हणजे सगळं ठीक. अहो, या गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो! ईसीयू हवा किती आली बघतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो, रेलमधे प्रेशर जेवढं असायला पाहिजे तेवढं आहेच असं गृहीत धरून. प्रेशर ३ बारवरून २ बारवर (बार हे प्रेशरचं माप) आलं तर इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहतो पण पेट्रोल जवळपास १८ टक्के कमी जातं, कारण वाहणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. आरामात चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते भरून काढतो. पण अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू त्या सेन्सरचं ऐकायचं बंद करतो, मग १८ टक्के कमी म्हणजे कमीच. म्हणून घाटात दिसतं, लक्ष्मी रोडला दिसत नाही.

व्हॉट्सअॅपवर सगळ्यांचं एकमत झालं होतं की हे इथेनॉलमुळं. इथेनॉलबद्दल माझीही तक्रार आहे, जुन्या गाडीला विचारतंय कोण, पण निदान म्हणून ते उत्तर काही कामाचं नाही. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवलं, तळाला पाण्याचा वेगळा थर दिसला नाही, विषय बाजूला ठेवला. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमधे मुळातच ऑक्सिजन असतो त्यामुळं मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, हे खरं, पण तेच पेट्रोल भरून शेजाऱ्यांची तशीच जुनी गाडी घाट चढत होती.

मग गेज. नाना पेठेत फ्युएल प्रेशर गेजचा सेट मिळतो, अडॅप्टरसकट, नव्या पंपाच्या मानानं बराच स्वस्त. लावायचं काम धायरीला मेव्हण्याच्या शेडमधे केलं, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधे पेट्रोलची नळी सोडली असती तर चेअरमननी मलाच सोडलं नसतं आणि त्यांचं बरोबर आहे. नीट वाचा, पेट्रोलची लाइन सोडायच्या आधी गाडी चालू असताना पंपाचा फ्यूज काढायचा आणि गाडी आपोआप बंद पडू द्यायची, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, नाहीतर नळी सोडल्या सोडल्या फवारा तोंडावर. बॅटरीचा मायनस काढायचा. शेड उघडी पाहिजे, जवळ आग विझवायचा सिलिंडर पाहिजे, आणि तो सीएनजी गाडीतला मुदत संपलेला नको. इंजिन थंड पाहिजे. मेव्हणा सिगारेट ओढतो, त्याला गेटच्या बाहेर पाठवला.

गेज फिल्टर आणि रेलच्या मधे टी लावून बसवलं. चावी ऑन, ३ बार. स्टार्ट, आयडलवर २.५. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची बारकी नळी काढली, लगेच ३ वर गेला काटा, परत लावली, परत २.५. रेस दिली, काटा थोडा हलून जागेवर. पुस्तकात लिहिल्यासारखं. मेव्हणा गेटवरून ओरडला, "दाजी, पंप तर चांगलाय की!"

इथं थांबलो असतो तर पंप चांगला म्हणून इंजेक्टर काढत बसलो असतो. उभ्या गाडीत रेस देणं म्हणजे लोड नाही. इंजिनला त्यावेळी पेट्रोल लागतंच किती, बहुतेक सगळं रिटर्ननं परत टाकीत जातं, अर्धमेला पंप पण तेवढं प्रेशर दाखवतो. जिथं त्रास होतो तिथंच मोजायला पाहिजे, म्हणजे कात्रजला.

गेजची नळी लांब होती, बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढून गेज काचेवर वायपरखाली घट्ट बांधलं, आतून दिसेल असं. गेज गाडीच्या आत कधीही घ्यायचं नाही, त्या नळीत ३ बारनं पेट्रोल आहे आणि क्लिप सटकली तर काय होईल त्याचा विचार करा. नळी कुठं गरम भागाला किंवा पंख्याला लागत नाही ना बघितलं, जोड पुसून कोरडे केले, गाडी बराच वेळ चालू ठेवून ओल येते का बघितलं, मगच निघालो. तरी सांगतो, ज्याला हे अंगावर येतंय त्यानं हे करू नये, एवढं मिस्त्रीकडून करून घ्यावं.

कात्रज डेअरीच्या पुढं गर्दीतून निघून जुन्या घाटाला लागलो. पहिल्या वळणांना काटा २.९, २.९. मेव्हणा काचेला नाक लावून बसलेला, आकडे मोठ्यानं म्हणत. मग दोन पूर्णांक सात. दोन पूर्णांक पाच. मधेच म्हणतो, "दाजी, काटा बसतोय." दोन पूर्णांक दोन. आणि अगदी त्याच वेळी माझ्या पायाखाली गाडी ढिली पडायला लागली. बोगद्याच्या अलीकडं पूर्ण दाबलेल्या अॅक्सिलरेटरवर काटा १.९ वर होता. बोगद्यापलीकडं उतार लागला, पाय काढला, काटा परत वर.

म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय हे नक्की झालं. मिस्त्री इथं म्हणाला असता, बघा, म्हणलं नव्हतं का पंप. पण गेजला एवढंच कळतं की पंप पुरत नाहीये, का पुरत नाहीये ते नाही कळत. पंपाला पोटभर वीज मिळते का हा प्रश्न राहिलाच. डीसी मोटर आहे ती, व्होल्टेज कमी की फिरणं कमी, फिरणं कमी की पेट्रोल कमी.

मागची सीट उचलली, पंपाचा कनेक्टर उघडला. मिस्त्री मंडळी इथं काय करतात तर कनेक्टर काढतात, टेस्ट लॅम्प लावतात, लॅम्प पेटला की सप्लाय ओके. किंवा मीटर बझरवर टाकून अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली मायनसची वायर, बघतात, बीप वाजला की अर्थ ओके. मी पण वाजवून बघितला, मस्त वाजला. पण बझरला ३०-४० ओहम रेझिस्टन्स पण चालतो हो, तो तिथंही वाजतो! आणि मीटर त्या वायरमधून करंट सोडतो चिमूटभर, पंप ओढतो चार अँपिअर. एकाच तारेनं धरलेली सडकी वायर बझरला पास होते आणि पंपाला नापास.

म्हणून कनेक्टर न काढता, पंप चालू असताना, वायरच्या मागून पिना घालून मोजायचं. पंपाच्या दोन टोकांत किती व्होल्ट मिळतात ते बघायचं, आणि मग बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत किती गळतात आणि पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती गळतात ते वेगवेगळं मोजायचं. लांब वायरी पुढच्या सीटपर्यंत आणल्या, मेव्हण्याच्या मांडीवर मीटर, परत घाट. खाली बॅटरीवर १३.९, पंपावर १२.१. वर जाता जाता पंपावर ११, मग १०, आणि गाडी ढिली पडली तेव्हा ९.४. उतरून लगेच दोन्ही बाजू मोजल्या, प्लसच्या बाजूला ०.६ गळत होते आणि अर्थच्या बाजूला ३.९. बेरीज केली की हिशोब जुळतो, ४.५ व्होल्ट वाटेतच खल्लास. आमच्या धंद्यात अर्थला अर्धा व्होल्ट पडला तरी आम्ही वायर बदलतो.

चार अँपिअर गुणिले ३.९ व्होल्ट म्हणजे साधारण १६ वॅट उष्णता, एखाद्या छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी, आणि ती एका बोल्टात. तो बोल्ट गरम होतो, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स आणखी वाढतो, म्हणून खाली चांगली असणारी गाडी वर जाऊन बसते. घाट अर्धा झाल्यावरच का, याचं उत्तर हे.

अर्थची काळी वायर कुठं जाते बघत गेलो तर ती कार्पेटखाली डाव्या बाजूला, दाराच्या उंबऱ्याजवळ बॉडीला बोल्टनं लावलेली. कार्पेट उचललं आणि खाली वाळलेला पिवळट गाळ, एका सरळ रेषेत, पापुद्रे सुटलेले. कसला गाळ ते एका क्षणात कळलं. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र, आंबिल ओढ्याचा पूर. सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. आमच्याकडं गाडी वाहून गेली नाही एवढं नशीब, पण पाणी सीटच्या खालपर्यंत आलं होतं. नंतर गाडी धुतली, वाळवली, कार्पेट वर-वर साफ करून घेतलं, इन्शुरन्सचं काय झालं तो वेगळाच विषय आहे, त्यात आता जात नाही. त्या बोल्टाखाली मात्र पाणी बसून राहिलं आणि एवढी वर्षं आपलं काम करत राहिलं. रंग फुगलेला, टर्मिनलवर हिरवट थर, बोल्टाला पाना लावला तर डोकं गोल व्हायला लागलं. गंज सोडवायचा डब्ल्यूडी स्प्रे फवारून थांबलो, हळूच हलवत हलवत काढला, टर्मिनलचं अर्धं कडं बोल्टाबरोबरच तुटून आलं.

वायर मागं चांगल्या तांब्यापर्यंत कापली, वायरच्या टोकाला नवीन लग (बोल्टात बसणारं कडं) दाबून बसवला, बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन बोल्ट, स्टार वॉशर, वरून व्हॅसलीन. पत्रा घासल्यावर तिथं परत गंज धरणार म्हणून व्हॅसलीन पाहिजेच. खर्च सांगायची लाज वाटते एवढा कमी.

परत कात्रज. पंपावर आता १३.१, वरपर्यंत हलला नाही. आणि गेज? ते २.७ वर स्थिर. १.९ वरून २.७, गाडी तिसऱ्यात वर गेली, मेव्हणा म्हणाला झालं काम, चला भेळ खाऊ. पण पूर्ण अॅक्सिलरेटरवर व्हॅक्यूम उरत नाही, रेग्युलेटरच्या हिशोबानं नळी काढल्यावर दिसले तसे ३ दिसायला पाहिजे होते, ०.३ अजून कुठंतरी जात होते. आणि सकाळचा सेल्फचा त्रास तसाच होता. भेळ खाल्ली तरी.

सकाळच्या त्रासाचं निदान शेडमधे उभ्या गाडीवर होतं. गाडी बंद केली की काटा २ च्या वर बराच वेळ राहायला पाहिजे, आमचा पाच मिनिटांत शून्याला टेकत होता. प्रेशर तीन वाटांनी जाऊ शकतं, रेग्युलेटरमधून रिटर्नला, गळक्या इंजेक्टरमधून इंजिनात, किंवा पंपाकडून उलटं टाकीत. कुठली वाट ते कळायला नळी दाबायची. रबरी नळीच, आणि गुळगुळीत जबड्याच्या पकडीनं, साध्या पकडीनं दाबली तर जुनी नळी चिरते. आधी रिटर्नची दाबली, काटा तसाच पडला, म्हणजे रेग्युलेटर सुटला. मग चावी ऑन करून प्रेशर भरलं आणि टाकीकडून येणारी नळी दाबून चावी बंद केली. काटा जागेवर. आम्ही चहा करून आणून पिईपर्यंत जागेवर. म्हणजे इंजेक्टरही सुटले, गळती पंपाच्या बाजूला, टाकीच्या आत.

आता टाकी उघडायचं कारण मिळालं. पेट्रोल पाव टाकीच्या खाली येऊ दिलं, परत सगळी आगीची काळजी, सीटखालचं झाकण उघडून आजूबाजूची धूळ आधी ब्रशनं आणि ओल्या फडक्यानं साफ केली, नाहीतर सगळी आत पडते. पंपाची असेंब्ली तिरकी करून बाहेर काढली, पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटची काडी वाकू न देता. पंपाच्या तोंडाची जाळी मुळात पांढरी असते, आमची चहाच्या गाळण्यासारखी तपकिरी झालेली, बोटानं दाबली तर चिखलासारखं बाहेर आलं. आणि पंपापासून वरच्या झाकणापर्यंत जी वीतभर पण नाही अशी नळी असते, तिला क्लिपपाशी उभी चीर. नुसती बघितली तर दिसत नव्हती, वाकवली की तोंड उघडत होती. पंप जोरात ढकलायला लागला की ती चीर उघडणार, थोडं पेट्रोल टाकीतल्या टाकीत फवारणार, आणि बंद केल्यावर लाइन तिथूनच रिकामी होणार. ०.३ बार आणि सकाळचे सेल्फ, दोन्हींचा हिशोब इथं लागला. तिला वयानं मारलं की इथेनॉलनं यावर आमच्या दोघांची शेडमधे चर्चा झाली, १८ वर्षांची नळी होती, दोघांनी मिळून मारली असणार.

मिस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणं नुसता नवीन पंप टाकला असता तर काय झालं असतं बघा. नवीन पंप त्याच सडक्या अर्थवर बसला असता. असेंब्ली बदलली असती तर नळी आणि जाळी आयती नवीन मिळाली असती, सकाळचा त्रास गेला असता, घाटात पण नवीन दमाचा पंप थोडे महिने खेचून गेला असता, आणि मग परत तेच, तेव्हा म्हणाले असते पंप डुप्लिकेट निघाला.

नळी आणायला परत नाना पेठ. काउंटरवरच्या माणसानं साधी पेट्रोलची नळी कापून दिली, "हीच बसते सगळ्यांना." बसते, पण टिकत नाही. साधी फ्युएल होज आतून पेट्रोल न्यायला बनवलेली असते, बाहेरून पेट्रोलमधे बुडून राहायला नाही. टाकीच्या आतल्या नळीवर एसएई जे-३० आर-१० असं छापलेलं पाहिजे. खात्री करायला त्या साध्या नळीचा तुकडा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पेट्रोल घालून शेडमधे रात्रभर ठेवला. सकाळी तुकडा फुगून मऊ पडलेला, नखानं वरचा थर सोलून येत होता आणि पेट्रोल काळपट. बरणी घरून नेली होती हे बायकोला कळल्यावर जे झालं ते लिहीत नाही. आर-१० ची नळी शोधायला जरा फिरावं लागलं, फुटावर विकतात आणि साधीच्या कितीतरी पट महाग, पण लागते वीतभरच.

नवीन जाळी, नवीन नळी, नवीन क्लिपा, झाकणाखालचं रबरी सील पण नवीन, ते जुनं परत कधी लावू नये, फुगलेलं असतं आणि मग गाडीत पेट्रोलचा वास. बाहेरचा फिल्टर पण बदलला, जाळीची अवस्था बघून त्याच्यावर विश्वास राहिला नाही. पंप तोच, २००७ चा.

घाटात आता पूर्ण अॅक्सिलरेटरवर काटा ३ ला चिकटलेला असतो. गाडी बंद करून अर्ध्या तासानं बघितलं तर २.२. सकाळी एका सेल्फमधे सुरू.

प्लसच्या बाजूचे ०.६ व्होल्ट अजून तसेच आहेत. पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या सॉकेटमधे असावेत, ते पण त्याच पाण्यातून गेलंय, आणि आता डाव्या बाजूचे बाकीचे अर्थ पॉइंट पण एकेक करून उघडायचेत कारण टेललॅम्प मधेच मंद होतात. मिस्त्रीला आकडे दाखवले, त्यानं ३.९ दोनदा वाचला आणि म्हणाला, "बझर तर वाजला असेल की." म्हणलं वाजला. गेज सध्या त्याच्याकडंच आहे, एक व्हॅन घाटात बसते म्हणून कुणीतरी आणून लावलीय त्याच्याकडं, तिला लावायला घेऊन गेलाय.